पडदा लुकलुकतो तेव्हा





वार्तापत्राच्या या पानावर आम्ही एरवी निकाल, शिस्त, शुद्धलेखन आणि फीच्या तारखा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. गेम कन्सोल आणि टीव्ही यांचा पडदा लुकलुकू लागला तर काय करावे, हा तो विषय. मुख्याध्यापकांनी गेमबद्दल लिहावे हे वाचून काही पालक हसतील, काही रागावतीलही. परंतु या लुकलुकण्यापायी आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती आम्ही परिपाठाच्या वेळी मुलांसमोर कबूल केली आहे. आता पालकांसमोर कबूल करणे बाकी होते, म्हणून हा लेख.

आमचे शिक्षण बऱ्हाणपूरला हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी आणि कामरेजला आल्यापासून बाजारहाटात गुजराती. तेव्हा लिहिण्यात काही इकडचे तिकडचे झाले असेल तर सांभाळून घ्यावे. तापीच्या काठावर जन्मलो आणि तापीच्याच काठावर नोकरी केली, एवढीच काय ती आमची प्रवासकथा.

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

2024 सालच्या गणेशोत्सवात आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला गेम कन्सोल भेट दिला. सभागृहातला मोठा टीव्ही विश्वस्त मंडळाने आधीच घेऊन दिला होता. महिन्यातून एका शनिवारी, दप्तराविना, वरच्या वर्गातील मुलांनी आळीपाळीने अर्धा तास खेळावे असे ठरले. मुले खूश झाली. पहिला शनिवार छान गेला. त्यानंतर मात्र टीव्हीचा पडदा मधेच काळा होऊ लागला. एक-दोन सेकंद अंधार, मग पुन्हा चित्र. कधी दहा मिनिटांत एकदा, कधी मिनिटात तीनदा. सोमवारी त्याच टीव्हीवर विज्ञानाची चित्रफीत लावली, तर तीही तशीच लुकलुकली.

आठवीतला एक मुलगा या खेळांत फार हुशार आहे. कन्सोल जोडणे, काढणे, केबल गुंडाळून ठेवणे ही कामे तोच करीत असे. आम्ही गृहीत धरले की यानेच घाईघाईत केबल ओढली आणि खाच ढिली केली. नवी केबल आणली. फरक पडला नाही, तेव्हा संशय अधिकच पक्का झाला. सर्व वर्गासमोर आम्ही त्याला उभे केले आणि विचारले, "खरे सांग, काय तोडलेस?" तो म्हणाला, "सर, मी काही नाही केलं. पंखे बंद केले की बरोबर चालतं. आणि वरची पट्टीपण फडफडते तेव्हाच जास्त होतं."

आम्ही म्हणालो, "पंख्याचा आणि टीव्हीचा काय संबंध? सबबी सांगू नकोस."

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. आम्ही त्याच्या वडिलांना बोलावणे धाडले. ते लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात. एक खाडा पाडून ते आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "जे काय नुकसान असेल ते पगारातून थोडं थोडं देतो." मुलगा खाली मान घालून उभा होता. आमच्या टेबलावर त्याने वहीचे एक पान ठेवले होते. ते आम्ही न वाचताच फायलीखाली सरकवले.

त्यानंतर आला नवरात्रातला शुक्रवार. आपल्याकडे नवरात्र म्हणजे गरबा. मुले रात्री एक-एक वाजेपर्यंत जागतात आणि सकाळी डोळे चोळत शाळेत येतात. त्या दिवशी सभागृहात बालसभा होती. दुपारची वेळ, उकाडा भारी, म्हणून सगळे पंखे जोरात चालू. टीव्ही लुकलुकत होता आणि त्याच्या बरोबर वर असलेली ट्यूबलाइटची पट्टी सारखी फडफडत होती. कोणी तरी म्हणालेही, "ती पट्टी बंद करा." पण कार्यक्रम मधेच थांबवायचा कसा, म्हणून आम्ही तो तसाच रेटला.

पुढच्या रांगेतली एक मुलगी बसल्या जागी ताठ झाली आणि कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. तिचा वर्ग आम्ही सांगत नाही आणि नावही लिहीत नाही. हा प्रसंग लिहिण्यास तिच्या आईने परवानगी दिली, म्हणूनच लिहीत आहोत. त्या मुलाच्या वडिलांनाही आम्ही तसेच विचारले.

त्या दोन मिनिटांत सभागृहात जे झाले ते आठवले की आजही लाज वाटते. एक शिक्षक कांदा आणायला स्वयंपाकघराकडे धावले. एकाने चप्पल काढून हातात घेतली. कोणी म्हणाले दातात चमचा घाला. आम्ही स्वतः तिचे हात घट्ट दाबून धरू लागलो. शाळेच्या मावशी तेवढ्या शांत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, हात सोडा तिचे. बाजूला व्हा सगळे." त्यांनी स्वतःचा पदर घडी करून मुलीच्या डोक्याखाली ठेवला, बाकडे मागे सरकवले, झटके ओसरताच तिला एका कुशीवर वळवले आणि तोंडातली लाळ बाहेर येऊ दिली. बाकी काही केले नाही. मागाहून कळले की त्यांच्या घरातल्या एकाला हा आजार होता आणि डॉक्टरांनी त्यांना हे शिकवले होते.

मुलगी शुद्धीवर आली. आई आली. आम्हाला बाजूला नेऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, गावाकडं कळायला नको. पोरीचं पुढं लग्न जमवायचंय." मग थोड्या वेळाने तिनेच सांगितले की बरेच दिवसांपासून मुलीचे हात सकाळी सकाळी झटका बसल्यागत उडत, हातातला कप पडे, आणि घरचे तिला धांदरट म्हणून बोलत.

सुरतच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला. त्या तपासणीत डोळ्यांसमोर एक दिवा वेगवेगळ्या गतीने लुकलुकवतात. मुलीच्या आलेखात त्या लुकलुकण्याचा परिणाम स्पष्ट दिसला. डॉक्टर म्हणाले की आजार मुळात आधीपासून होता. रात्रीचे जागरण आणि समोरची फडफड ही त्या दिवशीची निमित्ते झाली. रोजची गोळी, वेळेवर झोप आणि लुकलुकणाऱ्या उजेडापासून सांभाळणे एवढे केले, तर बहुतेक मुलांचे आयुष्य इतरांसारखेच जाते. मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येऊ लागली. आजही येते.

सोमवारी वायरमन आला. त्याने सभागृहातला बोर्ड उघडला आणि आम्हाला जवळ बोलावून दाखवले. न्यूट्रलच्या तारेचा जोड ढिला होऊन जळाला होता. तारेवरचे आवरण काळे पडले होते. सगळे पंखे चालू असले की त्या जोडातून जास्त प्रवाह जाई, जोड तापे, आत ठिणगी उडे. त्यामुळे ट्यूबलाइट फडफडे आणि टीव्ही व कन्सोल यांच्यातला संपर्क तुटे. पंखे बंद केले की भार कमी होई आणि सगळे सुरळीत चाले. वायरमन म्हणाला, "साहेब, अजून महिना गेला असता तर इथे आग लागली असती."

आम्ही कचेरीत येऊन फायलीखालचे ते पान काढले. मुलाने रेघा मारून कोष्टक केले होते. तारीख, वेळ, किती पंखे चालू, किती वेळा काळे झाले. एकही पंखा नाही: शून्य. दोन पंखे: एकदा. सहा पंखे: सात वेळा. खाली लिहिले होते, "बोर्ड बघायला पाहिजे."

आठवीतल्या मुलाने जे शोधले होते, ते विज्ञानाची पदवी असलेल्या मुख्याध्यापकांनी वाचलेही नाही. ते पान आम्ही त्या दिवशीच वाचले असते, तर बालसभेच्या आधी बोर्ड दुरुस्त झाला असता.

रात्री झोप आली नाही तेव्हा बऱ्हाणपूरची एक जुनी आठवण वर आली. 1987 साल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागे. सगळ्या गल्लीत मिळून एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. ऐन रंगात आले की चित्र आखडून लहान होई आणि वरून खाली पळू लागे. मोठी माणसे गच्चीवर चढून अँटेना फिरवत, कोणी टीव्हीला थापट मारी, कोणी मागचे बटण पिळी. आम्ही तेव्हा अकरावीत होतो. आमच्या लक्षात आले होते की शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की चित्र पळते आणि गिरणी थांबली की थांबते. आम्ही तसे सांगितले. एक काका म्हणाले, "गप्प बस, गिरणीचा आणि टीव्हीचा काय संबंध?"

शब्द अगदी तेच. सदतीस वर्षांनी ते आमच्याच तोंडून निघाले.

मित्रांनो, आता थोडे शास्त्र समजून घेऊ, कारण लुकलुकणे सगळे एकाच जातीचे नसते.

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शिखराला जातो, म्हणून जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते. इतके जलद लुकलुकणे डोळ्यांना सहसा कळत नाही. सिनेमात सेकंदाला 24 चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र निदान दोनदा दाखवतात, म्हणून पडदा सेकंदाला 48 वेळा तरी उजळतो. आपल्याकडच्या जुन्या डबा टीव्हीवर 625 रेषांची 25 चित्रे असत आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, म्हणजे 50 वेळा उजेड. जपान-अमेरिकेत 525 रेषा आणि सुमारे 60 वेळा. म्हणूनच परदेशातून आणलेला व्हिडिओ गेम इथल्या जुन्या टीव्हीला जोडला की चित्र पळे किंवा रंग उडून जाई. कित्येकांनी तेव्हा चांगले यंत्र बिघडलेले समजून अडगळीत टाकले असेल.

दुसरी गंमत ऐका. 1985 साली अमेरिकेत निन्टेन्डोचा जो गेम आला, त्याचा दिवा आणि पडदा मिळून सेकंदाला साधारण एकदा लुकलुकत राहण्याचा रोग प्रसिद्ध होता. त्यात एक पहारेकरी चिप बसवलेली होती. कॅसेट खरी आहे की नाही हे ती तपासत असे. कॅसेटच्या पट्ट्या मळल्या किंवा खाच सैल झाली, की चिपला उत्तर मिळत नसे आणि ती यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करी. जगभरची मुले त्यावर एकच उपाय करीत: कॅसेटमध्ये फुंकर. आपल्याकडेही 1990 नंतर जे टीव्ही गेम घरोघर आले, त्यांच्या कॅसेटी सर्वांनी फुंकल्या आहेत, आजच्या पालकांनीसुद्धा! वास्तविक फुंकरीतला ओलावा पट्ट्यांना गंज चढवतो. कॅसेट काढून पुन्हा घातल्याने काम होई आणि श्रेय फुंकरीला मिळे. उपाय लागू पडला म्हणजे कारण कळले असे होत नाही, हा धडा यातून घ्यावा.

आता गंभीर भाग. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या मुलांच्या मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यात एका स्फोटाच्या प्रसंगी लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा आलटून पालटून चमकला. अवघे काही सेकंद. त्या संध्याकाळी सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कोणाला झटके आले, कोणाला मळमळ, कोणाला डोळ्यांपुढे अंधारी. त्यांतल्या पुष्कळांना त्यापूर्वी कधीच झटका आलेला नव्हता. मालिका चार महिने बंद राहिली आणि 1998 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर जपानमधल्या टीव्ही वाहिन्यांनी चमकत्या दृश्यांविषयी नियम पाळायला सुरुवात केली. संकेतस्थळांसाठीचा नियम तर सांगतो की कोणतीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकू नये.

अपस्माराचे जगात सुमारे पाच कोटी रुग्ण आहेत. त्यांतल्या शंभरात साधारण तिघांना लुकलुकणाऱ्या उजेडाचा त्रास होतो. लहान मुले आणि किशोरवयीन मुले यांच्यात हे प्रमाण जास्त. सेकंदाला 15 ते 25 वेळा लुकलुकणारा उजेड सर्वांत त्रासदायक समजतात. आजचे सपाट टीव्ही जुन्या डबा टीव्हीसारखे लुकलुकत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण खेळातले स्फोट, विजा आणि गोळीबार चमकतातच. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर याची सूचना येते. मुले बटण दाबून ती पुढे ढकलतात. खरे सांगायचे तर आम्हीही ती त्या शुक्रवारनंतरच पहिल्यांदा पूर्ण वाचली.

तेव्हा घरचा पडदा लुकलुकू लागला तर या क्रमाने पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. आपल्या त्या विद्यार्थ्याची पद्धत हीच आहे.

1. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. तोही लुकलुकत असेल तर दोष टीव्हीत किंवा विजेत. मेनू स्थिर आणि फक्त गेम लुकलुकत असेल तर दोष कन्सोलमध्ये, केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये.

2. एचडीएमआय केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा नीट बसवा. मग टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत लावून पाहा. मग दुसरी केबल लावून पाहा. फार लांब आणि मुडपलेली केबल टाळा. पडदा एक-दोन सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल, तर दोन यंत्रांची एकमेकांशी ओळख तुटत असते, आणि पुष्कळ वेळा त्याचे कारण केबल असते.

3. कन्सोलच्या सेटिंगमध्ये 120 हर्ट्झ असेल तर 60 करा, फोर-के असेल तर कमी करा. गती आपोआप कमी-जास्त करणारी सोय चालू असेल तर ती बंद करून पाहा. काही टीव्हींवर त्या सोयीमुळेच अंधाऱ्या दृश्यांत उजेड थरथरतो. एवढ्याने थांबले तर यंत्र बिघडलेले नाही, केबलला किंवा टीव्हीला तेवढा भार पेलत नाही इतकेच.

4. आजूबाजूला पाहा. पाण्याची मोटर, फ्रीज, मिक्सर किंवा पंखे चालू झाल्यावर लुकलुकते का? दिवेही त्याच वेळी मंद होतात का? तसे असेल तर दुसऱ्या बोर्डावर लावून पाहा.

5. एका खोलीतला दिवा मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीतला प्रखर होत असेल, तर न्यूट्रल ढिला असण्याची दाट शंका घ्यावी. बोर्डातून जळका वास किंवा चरचर आवाज येत असेल तरीही तसेच. मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. स्वतः बोर्ड उघडू नका. मुलांनी तर हातही लावू नये.

6. जुन्या गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. कापसाच्या काडीला थोडे स्पिरिट लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

7. शेवटी, पण सर्वांत आधी: खेळणाऱ्या मुलाकडे पाहा. डोके दुखते का? डोळे मिचकावतो का? मधेच एकटक होऊन उत्तर देत नाही का? हात उडतात का? तसे असेल तर त्याला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या.

खेळताना खोलीत दिवा असावा, टीव्हीपासून आठ-दहा फूट लांब बसावे, आणि जागरण झालेल्या दिवशी खेळूच नये. अचानक जोरात चमकू लागले आणि अस्वस्थ वाटले, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटणे पुरत नाही, कारण पापण्यांतून उजेड आत जातो.

कोणाला झटका आलाच तर मावशींनी केले तसे करा. भोवतालचे सामान दूर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबताच कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. हातपाय दाबू नका, तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल यांचा काही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, लागोपाठ दुसरा आला, किंवा आयुष्यातला पहिलाच असेल तर 108 ला फोन करा.

पालक बंधू-भगिनींनो, आता थोडे मनातले. मराठीत फेफरे म्हणा, हिंदीत मिरगी म्हणा, गुजरातीत वाई म्हणा, आजार तोच. तो शिवल्याने लागत नाही, तो कोणाच्या करणीने होत नाही. लग्नाची भीती आम्ही समजू शकतो, कारण एके काळी कायद्यातच तसे लिहिलेले होते. परंतु 1999 साली विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती झाली आणि अपस्माराचा उल्लेख त्यातून काढून टाकला गेला. कायदा बदलून पंचवीस वर्षे उलटली. आपणही बदलू या. शाळेला आधी माहीत असते, तर त्या दिवशी मुलगी लुकलुकत्या पट्टीखाली बसली नसती. दर वर्षी 17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी आपल्या शाळेत मावशी सर्व शिक्षकांना प्रथमोपचार दाखवतील, असे ठरले आहे. शिकवणाऱ्या मावशी आणि शिकणारे आम्ही.

सन्माननीय विश्वस्त मंडळास विनंती की दर वर्षी मे महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी, सर्व बोर्ड आणि वायरिंगची तपासणी करून घेण्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद असावी. सभागृहाचे काम मंडळाने तातडीने करून दिले, त्याबद्दल मनापासून आभार. प्रवेश अर्जासोबत मुलांच्या आजारांची माहिती देण्यासाठी एक बंद पाकीट ठेवले आहे. ते मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्याशिवाय कोणी उघडणार नाही, हा आमचा शब्द.

आठवीतल्या त्या मुलाची आम्ही परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर माफी मागितली. जिथे अपमान केला तिथेच माफी मागायची, असे ठरवले होते. त्याच्या वडिलांकडे रविवारी घरी गेलो. त्यांनी चहा दिला, बुडालेल्या रोजाचे पैसे मात्र घेतले नाहीत. म्हणाले, "सर, पोरगं खोटं बोलत नव्हतं एवढं तुम्ही सांगितलं, पुष्कळ झालं." मुलाला विचारले, "तुला काय हवे?" तो म्हणाला, "सर, शनिवारी गेम परत लावायचा का?"

लावला. पंखे सगळे चालू होते. पडदा एकदाही काळा झाला नाही.

आता कचेरीबाहेर दोरीने बांधलेली एक वही आहे. तिच्यावर 'निरीक्षण वही' असे लिहिले आहे. शाळेत काही बिघडलेले, ढिले, लुकलुकणारे दिसले तर कोणत्याही मुलाने त्यात लिहावे. दर शनिवारी आम्ही ती स्वतः वाचतो आणि प्रत्येक ओळीसमोर सही करतो. पहिली नोंद कोणाची हे सांगायला नको. दुसरी नोंद तिसरीतल्या एका मुलीची आहे: "ग्रंथालयाचे घड्याळ दर आठवड्याला चार मिनिटे मागे पडते."

आम्ही एक आठवडा तपासले. खरे आहे.

आपला,
मुख्याध्यापक